कीटकारच्या स्टेपनीचा ब्रॅकेट परत परत तुटतोय? आधी भार कुठे जातोय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी माणसाने सेकंडहँड कीटकार (सुटे पार्ट जोडून बांधलेली गाडी) घेतलीय, लोटस सेव्हन या जुन्या, उघड्या, दोन सीटच्या स्पोर्ट्सकारच्या धाटणीची, फोर्ड सिएराचे पार्ट वापरून कुणीतरी नव्वदच्या दशकात घरच्या गॅरेजमध्ये बांधलेली. मागे उघड्यावर लटकवलेल्या स्टेपनीचा ब्रॅकेट तुटला. जवळच्या वर्कशॉपमधून वेल्डिंग करून घेतलं, त्यांनी घासून सपाट करून, रंग मारून छान दिलं, आणि तीन महिन्यांत वेल्डिंगच्या शेजारीच परत तुटला. वर मागच्या फायबरच्या पॅनेलला बोल्टांभोवती भेगा पडल्यात. आता ते विचारतायत की ६ मिलिमीटर जाड स्टेनलेसचा ब्रॅकेट केला तर काम कायमचं होईल का, आणि भेगा एम-सीलसारख्या कशाने भरल्या तर चालतील का.

दोन्हीचं उत्तर माझ्या मते नाही. मी आधी पिंपरी-चिंचवडमध्ये फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये अकरा वर्षं काढली आणि आता बरीच वर्षं इकडे वेस्ट मिडलँड्समध्ये कीटकार आणि जुन्या गाड्यांची चॅसिसची, फायबरची कामं करतोय, आणि स्टेपनीच्या ब्रॅकेटची जेवढी कामं माझ्याकडे आली त्यातल्या बहुतेकांत ब्रॅकेट हा आजार नव्हताच. ब्रॅकेट तुटणं हे लक्षण. आजार हा की स्टेपनीचा भार चॅसिसवर जायच्या ऐवजी पातळ पॅनेलवर जातोय. पॅनेल प्रत्येक खड्ड्यात आतबाहेर लवतं, त्याच्याबरोबर ब्रॅकेट डुलतो, आणि तार हाताने पुढेमागे वाकवत राहिलं की जशी तुटते तसा तो तुटतो. तुम्ही जाड ब्रॅकेट लावलात तर ब्रॅकेट तुटायचा थांबेल, पण मग पॅनेलच फाटेल, आणि ते काम ब्रॅकेटपेक्षा कितीतरी महागात जातं.

तुटलेला तुकडा फेकला नसेल तर तो हातात घ्या आणि तुटलेलं तोंड उजेडात बघा. एका कडेला काळपट, गंजलेला, थोडा गुळगुळीत भाग दिसेल आणि उरलेला भाग चकचकीत, खरबरीत. काळा भाग म्हणजे भेग किती दिवस आत सरकत होती तो, आणि चकचकीत म्हणजे शेवटच्या दणक्यात जेवढं तुटलं तेवढंच. काळा भाग मोठा असेल तर समजा की मटेरियल कमी पडलेलं नाही, ते हळूहळू थकलेलं आहे. तुमचा तुकडा मी बघितलेला नाही, पण तीन महिन्यांत वेल्डिंगच्या शेजारी तुटला म्हणता त्यावरून मला हेच वाटतं. शिवाय वेल्डिंग घासून सपाट केलं होतं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे जोडाचं जे मांस होतं तेच ग्राइंडरने काढून टाकलं. दिसायला छान, ताकदीला अर्धं.

आता थोडा हिशेब करू, कारण हा हिशेब एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं आपोआप सुचतं. स्टेपनी बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवा. सिएराचं स्टीलचं चाक टायरसकट साधारण १५ किलो धरा. चाकाचा मध्य पॅनेलपासून समजा १८ सेंटीमीटर मागे आहे. १५ गुणिले १८, म्हणजे २७० किलो-सेंटीमीटरचा पीळ त्या ब्रॅकेटवर गाडी नुसती उभी असताना आहे. तुमच्या ब्रॅकेटचे वरचे आणि खालचे बोल्ट एकमेकांपासून ६ सेंटीमीटरवर असतील तर वरच्या जोडीवर ओढ येते २७० भागिले ६, म्हणजे ४५ किलो. खड्ड्यात तिप्पट-चौपट धरूनच मी हिशेब करतो, म्हणजे १८० किलो. आता एम८ चा, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा, ८.८ ग्रेडचा एकच बोल्ट दोन टनांच्या आसपास ओढ सहज सोसतो, तेव्हा बोल्ट बिचारा निवांत आहे. पण १८० किलोंची ओढ ३ मिलिमीटर फायबरवर, रुपयाएवढ्या वॉशरखाली, हजारो वेळा आली की फायबर काय करणार? तेच बोल्ट १५ सेंटीमीटर अंतरावर घेतले तर ४५ चे १८ किलो होतात. काहीही जाड न करता, नुसतं अंतर वाढवून ओढ निम्म्याच्याही खाली आली. आणि चाक पॅनेलच्या जवळ ४ सेंटीमीटर आत सरकवता आलं तर आणखी कमी.

इथे मात्र तुमच्या गाडीवर बरंच अवलंबून आहे. सगळ्या सेव्हन टाइप गाड्या दिसायला सारख्या, पण आत वेगळ्या. केटरहॅमला मुख्य बॉडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, वेस्टफील्डला फायबरची, आणि घरी बांधलेल्या गाड्यांत तर बांधणाऱ्याच्या मनाला येईल तसं. त्यामुळे पहिला प्रश्न हा की मागच्या पॅनेलच्या आत, ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना, चॅसिसचा चौकोनी पाईप हाताला लागतो का. बहुतेक गाड्यांत लागतो, २५ मिलिमीटरचा, १.६ जाडीचा. तो असेल तर काम सोपं. नसेल तर त्याचं खाली सांगतो. दुसरा प्रश्न, पेट्रोलची टाकी कुठे आहे.

टाकीबद्दल नीट वाचा. या धाटणीच्या गाड्यांत टाकी बहुतेक वेळा मागच्या पॅनेलच्या अगदी आत असते, म्हणजे स्टेपनीचा बोल्ट आणि टाकीचा पत्रा यांच्यात कधीकधी दोन बोटांचं अंतर असतं. तिथे टाकी जागेवर ठेवून वेल्डिंग करायचं नाही, ग्राइंडर चालवायचा नाही, आणि ड्रिलसुद्धा नाही. पेट्रोल काढून टाकलंय ना, मग काय होतंय, असं म्हणणारे मी पुण्यातही बघितले आणि इथेही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण पेटते ती वाफ, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खाली जमिनीवर पसरून गॅरेजच्या दुसऱ्या टोकाच्या हीटरपर्यंत जाऊ शकते. टाकी बाहेर काढा, झाकण आणि पाईपांची तोंडं बंद करा, बाहेर उघड्यावर लांब ठेवा, आणि मगच पुढचं काम. त्यात अर्धा दिवस जातो, जाऊ दे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि गाडीला फ्युएल इंजेक्शन असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरचा, प्लगही काढा.

टाकी काढल्यावर आतून सगळं उघडं दिसतं, तेव्हा चॅसिसचे पाईप तपासून घ्या. मी अजूनही पुण्याच्या शेडमध्ये शिकलेली खडू-रॉकेलची पद्धत वापरतो, इथे रॉकेलला पॅराफिन म्हणतात एवढाच फरक. जोडाभोवतीचा रंग काढायचा, ब्रशने रॉकेल लावायचं, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसायचं आणि वर पांढऱ्या खडूची पूड चोळायची. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटते. गेल्या हिवाळ्यात एका गाडीत मालक म्हणत होता फक्त ब्रॅकेट गेलाय, आणि खडू लावून दहा मिनिटं थांबलो तर चॅसिसच्या आडव्या पाईपवर वेल्डिंगच्या टोकापासून वाकडी खाली उतरणारी, नखाएवढी लांब रेघ आली. आधी टॉर्च मारून दोनदा बघितलं होतं, काही दिसलं नव्हतं. चॅसिसमध्ये अशी भेग निघाली तर स्टेपनीचं काम तिथेच थांबवा आणि आधी ती चांगल्या वेल्डरकडून दुरुस्त करून घ्या.

आता मुख्य काम. मी असं करतो की आत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाईप, २ मिलिमीटर जाडीचा, चॅसिसच्या डाव्या आणि उजव्या पाईपांमध्ये आडवा टाकतो, एक वर आणि एक खाली, शक्य तितके लांब, आणि ब्रॅकेटचे चार बोल्ट त्या दोन आडव्या पाईपांत घेतो. हे आडवे पाईप चॅसिसला वेल्ड करायचे की क्लॅम्प, यावर मतं वेगवेगळी आहेत. मी क्लॅम्प करतो. चॅसिसच्या पाईपच्या दोन्ही अंगांना ५ मिलिमीटरच्या पट्ट्या, आणि बोल्ट पाईपमधून न नेता पाईपच्या वरून आणि खालून, म्हणजे पाईप दोन पट्ट्यांत चावून धरल्यासारखा. १.६ जाडीच्या चॅसिसच्या पाईपला भोक पाडायला मी तयार होत नाही, कारण भोकाने तो कमजोर होतो आणि नट आवळला की चेपतो. आणि क्लॅम्प उद्या काढता येतो, चॅसिस जशी होती तशी राहते, जे इथल्या रजिस्ट्रेशनच्या नियमांच्या दृष्टीनेही बरं. आडव्या पाईपांना बोल्टसाठी भोकं पाडावीच लागतात, तिथे भोकात आरपार छोटी नळी घालून दोन्ही बाजूंनी वेल्ड करा, म्हणजे नट कितीही आवळला तरी पाईप चेपत नाही. हे वेल्डिंग गाडीबाहेर टेबलावर होतं, हा आणखी एक फायदा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा तुकडा, जो बाहेरून दिसतसुद्धा नाही. आतल्या आडव्या पाईपपासून बाहेरच्या ब्रॅकेटच्या पायापर्यंत प्रत्येक बोल्टवर एक जाड स्टीलची बाही घालायची, म्हणजे १६ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि आतून ८ चा बोल्ट जाईल एवढी नळी. पॅनेलला भोक १८ चं. बाही पॅनेलच्या जाडीपेक्षा किंचित बाहेर राहील एवढी लांब. नट आवळला की ब्रॅकेट बाहीवर बसतो, बाही पाईपवर, आणि मध्ये पॅनेल मोकळं राहतं. बोल्ट पॅनेलमधून जातो पण पॅनेलला धरत नाही. भोकाची फट लवचीक सीलंटने भरायची, पाणी आत जाऊ नये म्हणून, बाकी पॅनेलला काही काम नाही. बाह्या कापताना चारही एकसारख्या कापा आणि तोंडं फाईलने काटकोनात करा, एक जरी अर्धा मिलिमीटर आखूड राहिली तरी ब्रॅकेट लंगड्या स्टुलासारखा तिरका बसतो आणि तिथूनच पुन्हा भेग सुरू होते. बोल्टचं डोकं आत टाकीच्या बाजूला आणि नट बाहेर ठेवा, उलटं कधीच नाही. मागून कुणी ठोकलं तर टाकीकडे रोखलेलं बोल्टचं टोक सरळ आत घुसेल.

ब्रॅकेट नवा करा, जुना दोनदा तुटलेला परत जोडू नका. भेग वेल्डिंगने वरून झाकली तर ती आत तशीच राहते. कोणाला जोडायचाच असेल तर भेगेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक मारून, पूर्ण खोलीपर्यंत व्ही आकाराची खाच काढून मग भरायला लागतं, आणि तेवढ्या मेहनतीत नवा होतो. नव्यासाठी साधं माइल्ड स्टील पुरतं, पाया ४ मिलिमीटरचा, बाहू २५ चा गोल पाईप २ मिलिमीटर जाडीचा. मिग वेल्डिंगने करा, पातळ तार लावून, किंवा टिग असेल तर उत्तमच, आर्कने २ मिलिमीटरचा पाईप जाळून भोक पडायचीच भीती जास्त. वेल्ड कोपऱ्यावर सुरू किंवा बंद करू नका, कोपरा वळवून थोडं पुढे नेऊन थांबवा. गसेट, म्हणजे कोपऱ्याला आधाराची तिकोनी पट्टी, घालणार असाल तर त्याचं टोक पाईपच्या भिंतीच्या मधोमध टोचल्यासारखं संपू देऊ नका, निमुळतं करून कडेपर्यंत न्या, नाहीतर गसेटच भेगेला जागा दाखवतो. आणि वेल्ड घासून सपाट करू नका, कृपा करून.

स्टेनलेसबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे स्टेनलेसचा मोह मला समजतो. पण ६ मिलिमीटरचा स्टेनलेस ब्रॅकेट म्हणजे १५ किलोच्या चाकाला अजून दोन-तीन किलोचं लोढणं, आणि वेल्डच्या कडेला थकून तुटायच्या बाबतीत तो माइल्ड स्टीलपेक्षा फारसा उजवा नाही. माइल्ड स्टील, त्यावर झिंक प्रायमर, त्यावर चांगला रंग, आणि वर्षातून एकदा आतून मेणाचा स्प्रे, हे पुरतं. बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर जिथे स्टील त्याला टेकतं तिथे मध्ये सीलंटचा थर हवाच, नाहीतर मिठाच्या पाण्यात ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन जातं.

आता फायबरच्या भेगा. बोल्टाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या निघालेल्या भेगा कधी फक्त जेलकोटमध्ये, म्हणजे वरच्या गुळगुळीत थरात, असतात आणि कधी आरपार. नाण्याने पॅनेलवर टिचकी मारत जा, चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि आतले थर सुटलेत तिथे बद्द. बद्द आवाज येतो तेवढी जागा मार्करने आखा आणि ती सगळी घासून काढा. त्यावर एम-सील किंवा बॉडी फिलर चोपडणं म्हणजे मोडलेल्या हाडावर मलम. फिलरमध्ये ताकद नसते, ताकद काचेच्या धाग्यात असते. पॅनेल ३ मिलिमीटरचं असेल तर भोकाच्या कडेपासून निदान ४ सेंटीमीटरपर्यंत उतरता उतार घासा, शक्य असेल तर आतल्या बाजूने, म्हणजे बाहेरचा रंग वाचतो. ॲसिटोनने पुसा, मग पॉलिएस्टर रेझिन आणि चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चटई. एक थर साधारण एक मिलिमीटरचा होतो, त्यामुळे तीन थर, पहिला छोटा, पुढचे मोठे. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन. ब्रशने रंगवल्यासारखं ओढू नका, ठोकत ठोकत हवेचे बुडबुडे बाहेर काढा. थर ओला असताना पांढरं दिसलं तर तिथे हवा आहे.

हार्डनर एक ते दोन टक्के, आणि गॅरेज १५ अंशांच्या खाली असेल तर हे काम करूच नका, ते आठवडाभर चिकट राहतं. इथे रेझिनमध्ये ॲक्सिलरेटर आधीच घातलेला असतो. आपल्याकडे पुण्यात दुकानात रेझिन, ॲक्सिलरेटर, हार्डनर अशा तीन बाटल्या मिळायच्या, कुणी तिकडे हे वाचून करणार असेल तर ॲक्सिलरेटर आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतू नका, स्फोट होऊ शकतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच दुसरा. डोळ्याला गॉगल लावाच, हार्डनरच्या एका थेंबाने डोळा जाऊ शकतो. आणि इपॉक्सी चांगली म्हणून तीच वापरायची असेल तर विणलेलं कापड घ्या, साध्या चॉप्ड मॅटचा चिकटवा इपॉक्सीत विरघळत नाही आणि मॅट नीट भिजत नाही.

चॅसिसचा पाईप हाताला लागतच नसेल, तर आतून आणि बाहेरून मोठ्या प्लेटा, निदान हाताच्या पंज्याएवढ्या, ३ मिलिमीटर स्टीलच्या, कोपरे गोल केलेल्या, आणि आतल्या बाजूला पॅनेलवर फायबरचे दोन-तीन थर जास्त चढवून. हे चालतं, पण पूर्ण वजनाच्या चाकासाठी मी त्याची खात्री देत नाही. त्यापेक्षा बारीक स्पेससेव्हर चाक लावा, सिएराचा चार बोल्टांचा १०८ मिलिमीटरचा पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, जुळतो का आणि ते पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवरून बसतं का हे आधी बघून.

किंवा स्टेपनी काढूनच टाका. इंग्लंडमध्ये स्टेपनी बाळगणं कायद्याने बंधनकारक नाही, नसली तरी एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, पास होते, पण लटकवलेली स्टेपनी सैल असेल आणि पडेलसं वाटलं तर टेस्टर फेल करू शकतो. पाच-सहाशे किलोच्या गाडीच्या शेपटाला १५ किलो कमी झाल्याचं वळणावर जाणवतं. मी स्वतः लांबच्या प्रवासाला जातो म्हणून ठेवतो. (दुकानात मात्र स्टेपनी शब्द वापरू नका, स्पेअर व्हील कॅरियर मागा. गंमत म्हणजे आपला हा शब्द इथलाच आहे, वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलेला, तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये ते जादा चाक काढलं, आणि आज इथल्या लोकांनाच तो शब्द आठवत नाही.)

चाक ब्रॅकेटवर बसवताना एकाच मधल्या बोल्टवर चाक डुलत असेल तर वरची सगळी मेहनत वाया. चाकाच्या स्वतःच्या भोकांतून निदान दोन स्टड आणि निमुळत्या तोंडाचे व्हील नट घ्या. शिवाय टायरच्या खालच्या कडेला रबराचा एक ठोकळा, आतल्या चौकटीवरच टेकणारा, आणि नट आवळल्यावर टायर त्यावर दोन-तीन मिलिमीटर दबला पाहिजे, म्हणजे चाक थरथरत नाही. रबर इथे चालतं, पण ब्रॅकेटच्या पायाखाली रबर घालू नका, तिथे ते दबत राहतं आणि नट सैल होतो.

म्हणजे क्रम असा की टाकी बाहेर, चॅसिसची तपासणी, फायबर, मग आतली चौकट, बाह्या, नवा ब्रॅकेट आणि शेवटी चाक. एम८ चे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) २० ते २५ न्यूटन-मीटरला आवळा आणि प्रत्येक नटपासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा. पन्नास मैलांनी बघा, दोनशे मैलांनी बघा, मग सर्व्हिसच्या वेळी. रेघ तुटलेली दिसली तर नुसता नट परत आवळून गाडी काढू नका, त्या बोल्टची बाही आखूड आहे का ते आधी बघा. आणि चाक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. चाकाबरोबर अख्खी गाडी हलली तर ठीक, फक्त चाक हललं तर अजून काहीतरी सैल आहे.